कापसावर उतरलेला आकडा

कॉम्प्युटरला ऊन सोसत नाही, ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांत आधी आईच्या लक्षात आली. मी तेव्हा तंत्रनिकेतनात शेवटच्या वर्षाला होते, कॉम्प्युटरची जाडजूड पुस्तकं माझ्या उशाला असायची, तरी पडद्यावरचा बाण मध्येच गोठून बसला की मी कधी विजेच्या दाबाला दोष द्यायचे, कधी माझ्याच प्रोग्रॅममधल्या चुकीला. आई गोठ्यातून हात धुऊन आत आली, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा तिने त्या पांढऱ्या डब्याच्या अंगावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "ह्याला धाप लागलीय." मी हसले होते. आज माझ्या कामाच्या जागी यंत्रं थंड ठेवायला आख्खा एक मजला आहे, आणि तिथल्या तरुण मुलांना मी अजून सांगते की तक्ते नंतर बघा, आधी हात लावून बघा.

आमचं घर धायरीला, एका ओळीत तीन खोल्या आणि वर पत्रा. पुढच्या खोलीत आबांची खाट, मागे चूल, आणि मधल्या खोलीत ज्वारीची पोती. त्या पोत्यांना भिंतीशी सरकवून कॉम्प्युटरला जागा केली होती. रस्त्याकडेची एक पट्टी आबांनी बिल्डरला दिली होती, त्या पैशातून घराला फरशी झाली आणि माझ्यासाठी हे यंत्र आलं. मुलीला कॉम्प्युटर घेणारं आमच्या आळीत दुसरं घर नव्हतं. आबा स्वतः चौथी शिकलेले, पण यंत्राचं त्यांना वेड. विहिरीवरची मोटार ते आवाजावरून ओळखायचे. ह्या यंत्राची ताकद किती, असं त्यांनी यंत्र घ्यायचं ठरलं त्याच दिवशी विचारलं, आणि त्यांना दोनशे हा आकडा मिळाला. तो प्रोसेसरच्या वेगाचा आकडा होता, पण आबांच्या डोक्यात तो अश्वशक्तीसारखा बसला. दारात कुणीही आलं, अगदी दूध न्यायला आलेला पोरगासुद्धा, की आबा त्याला मधल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आणायचे आणि सांगायचे, "दोनशेचा हाय."

तो आकडा सांगितला होता विलास दाजींनी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, वैशालीताईचे यजमान. नारायण पेठेत त्यांचं कॉम्प्युटर जोडून देण्याचं लहानसं दुकान होतं, दोन माणसं आत गेली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं एवढं, आणि दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत दाजी, त्यांची आई आणि ताई राहायचे. दाजी कमी बोलायचे. आमचा कॉम्प्युटर त्यांनी दिवाळीच्या पाडव्याला आमच्याच घरी, फरशीवर चादर अंथरून जोडला. मी शेजारी बसून एकेक स्क्रू हातात देत होते. कुठला भाग कशाला, पंखा कुठल्या बाजूने हवा ओढतो, बोटाला वीज असते म्हणून आधी लोखंडाला हात लावायचा, हे सगळं मी कॉलेजात शिकवायच्या आधी त्यांच्याकडून शिकले. मला सख्खा भाऊ नव्हता आणि दाजींनी ती जागा कधी बोलून न दाखवता घेतली होती.

ताईचं मात्र त्या काळात मला नीट काही ठाऊक नव्हतं. लग्नाला चार वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पाचव्या महिन्याच्या आत सगळं संपलं. घरात त्याबद्दल बोलणं व्हायचं ते चुलीपाशी, दबक्या आवाजात, आणि मी आत गेले की आई विषय बदलून भाकरी फिरवायची. मला एवढंच सांगितलं जायचं की ताईला बरं नाही. पाडव्याला दाजी आले तेव्हा ताई आली नव्हती. पुन्हा दिवस राहिलेत, प्रवास नको, एवढं मी ऐकलं आणि पुन्हा स्क्रू द्यायला बसले.

थंडीभर यंत्र गुणी मुलासारखं वागलं. होळी झाली, पत्रा तापायला लागला आणि त्याची तब्येत बिघडली. आधी दुपारी एकदा, मग दर तासाला, मग दर पाव तासाला पडदा जागच्या जागी थिजायचा. पंखा मात्र सूं सूं करत राहायचा. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्याच यंत्रात होता, ग्रंथालयाच्या पुस्तकांची देवघेव सांभाळणारा एक प्रोग्रॅम, आणि दर थिजण्याबरोबर त्याचा एखादा तुकडा नाहीसा व्हायचा. मग सगळं घर त्या यंत्राच्या सेवेला लागलं. मी डब्याची एक बाजू उघडी टाकली आणि समोर टेबलफॅन लावला. आबांनी खालून हवा जावी म्हणून चार विटा लावल्या, आणि एका सकाळी पत्र्यावर चढून उसाचं पाचट पसरून आले. आईने खिडकीला ओलं पोतं बांधलं, आणि तेच पोतं डब्यावर टाकू का असंही विचारलं, तेव्हा मी दोन्ही हात आडवे करून उभी राहिले. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं आणि दुपार झाली की पुन्हा तेच.

कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथवरून मी दाजींना दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्यांनी सांगितलं की पंखा ब्रशने साफ कर, वायरी बाजूला बांध, पण पंख्याखालची ती धातूची पट्ट्यांची जाळी काढू नकोस, मी येऊन बघतो. ते आले नाहीत. दुकानात गर्दी असेल असं मी समजून घेतलं. जाळी का काढायची नाही, असं मला तेव्हा वाटायला हवं होतं, पण ज्या माणसाने शिकवलं त्याच्या शब्दावर शंका घेण्याची बुद्धी होत नाही.

ताईचं डोहाळजेवण आमच्या घरी ठरलं. ह्या वेळी सातवा महिना लागला होता आणि आईचे पाय जमिनीवर नव्हते. पहाटेपासून पुरण शिजत होतं, कैरीची डाळ वाटली जात होती, मागच्या दारी शेजारच्या दोघी काकू पाट्यावर बसल्या होत्या. ताई आणि तिच्या सासूबाई आदल्या दिवशीच येऊन राहिल्या होत्या. दाजी जेवायला दुपारी येणार होते. माझ्या हाती काम होतं फुलांच्या वाडीचं. पण प्रोजेक्ट द्यायला आठ दिवस उरले होते आणि त्या सकाळी यंत्र साडेआठलाच तीनदा थिजलं. मी मधल्या खोलीचं दार लोटलं, लोखंडाला हात लावला आणि दाजींनी नको म्हणून सांगितलेली जाळी काढली.

जाळीच्या आणि प्रोसेसरच्या मध्ये एक पांढरा मलम असतो. त्याने उष्णता खालून वर जाते. तो वाळला की पुसून नवा लावायचा, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. मी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि त्या चौकोनी काळ्या तुकड्यावरून फिरवला. मलम निघाला. पुन्हा फिरवला तेव्हा कापूस काळा झाला. मला वाटलं जळकट असेल. तिसऱ्यांदा फिरवला आणि वरचा दोनशे हा छापील आकडा माझ्या डोळ्यांदेखत पुसट झाला, फाटला आणि कापसावर आला. त्याच्याखाली, बारीक कोरलेला, दुसरा आकडा होता. एकशे सहासष्ट.

त्या काळी बाजारात असे रंगवलेले प्रोसेसर फिरतात हे आम्हाला वर्गात सरांनी सांगितलं होतं. कमी वेगाच्या तुकड्यावर काळा रंग द्यायचा, वरचा आकडा छापायचा, आणि बोर्डावरची, वेग ठरवणारी एक मुगाएवढी टोपी सरकवून त्याला झेपत नसलेल्या वेगाने पळवायचं. थंडीत तो पळतो. उन्हाळ्यात जीव काढतो. सरांनी सांगताना आम्ही सगळे हसलो होतो, कोण फसत असेल म्हणून. आता माझ्या हातात तो बोळा होता आणि कानात नुसता पंख्याचा आवाज होता, यंत्र बंद असूनही. हे दाजींनी केलं. चादरीवर बसून, माझ्याकडून स्क्रू घेत, माझ्याशी बोलत हे केलं. मला राग यायला खूप वेळ लागला, आधी फक्त हे खरं नसावं असं वाटत राहिलं, आणि मी तो कोरलेला आकडा पुन्हा पुन्हा वाचत राहिले. बाहेरून आईने फुलांसाठी हाक मारली. मी बोळा रुमालात बांधून परकराच्या खिशात घातला आणि वाडी गुंफायला बसले. माझ्या हातून कळ्या मोडत होत्या.

ओटी भरली, बायकांनी गाणी म्हटली, वाट्यांखालचा पेढा निघाला की बर्फी ह्यावर हशा झाला. हिरव्या साडीत ताई थकलेली आणि उजळ दिसत होती. बायका पांगल्या, आणि दुपारी पंक्तीला घरचेच उरलो. आबा, दाजी, ताई आणि तिच्या सासूबाई पाटावर. आई आणि मी वाढायला. आबा खुशीत होते. त्यांनी विहीणबाईंना सांगायला सुरुवात केली की तुमच्या मुलाने काय यंत्र जोडून दिलंय, गावात असं नाही, दोनशेचा हाय. दाजी खाली बघून भात कालवत होते. माझ्या हातात कढीचं भांडं होतं. मी ते खाली ठेवलं.

"दोनशेचा नाहीये तो आबा," मी म्हणाले. "एकशे सहासष्टचा आहे. वरचा आकडा रंगवलेला होता." आणि रुमाल सोडून तो काळा बोळा मी दाजींच्या ताटाशेजारी ठेवला.

असं काही करायचं मी ठरवलं नव्हतं. ताईच्या सासूसमोर, तिच्या डोहाळजेवणाच्या पंगतीत, हे बोलण्याचा अर्थ काय होतो हे अठरा वर्षांच्या मुलीला कळायला हवं, आणि कळतही होतं, पण तोंडातून निघून गेलं होतं. आबांना आधी काही समजेना. त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं, मग दाजींकडे वळून विचारलं की ही काय म्हणतेय. दाजींनी हात ताटावरून मागे घेतला.

"खरं आहे ती म्हणते ते," ते म्हणाले.

आबांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले की चोर रात्रीचा येतो असं ऐकून होतो, पाटावर बसून जेवणारा आजच बघितला. विहीणबाई तशाच खरकट्या हाताने उठल्या आणि मुलाला म्हणाल्या, ऊठ. मग ताईला म्हणाल्या, तूही ऊठ, ह्या घरी आपलं काही उरलं नाही. ताई उठू लागली. सातव्या महिन्याचं शरीर, एक हात जमिनीवर टेकवून ती उठत होती आणि माझ्याकडे बघत होती. तो चेहरा मी विसरलेले नाही. त्यात राग नव्हता. हिने असं का केलं, एवढंच होतं.

"बसा विहीणबाई," आई म्हणाली. ती चुलीपाशी उभी होती, हातात पुरणपोळीचं ताट. "वैशे, तू पण बस. त्यांनी चोरी केली न्हाई. तसं करा म्हणून म्या सांगितलं व्हतं."

आमच्या आईला मी चारचौघांत एवढं मोठं वाक्य बोलताना तोवर ऐकलं नव्हतं. तिने ताट खाली ठेवलं, पदर खोचला आणि सगळं सांगितलं, कुणाकडे न बघता, पोळ्यांकडे बघून. दिवाळीच्या आधी डॉक्टरीणबाईंनी ताईला तपासलं होतं. पिशवीच्या तोंडाला टाका घालावा लागेल, नाहीतर हेही मूल राहणार नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. विहीणबाईंना ते पटलं नव्हतं, त्यांच्या घरात असले टाके कुणी घातले नव्हते. दाजींचं दुकान तेव्हा जेमतेम घर चालवत होतं. आईच्या हातात तिचं म्हणून काही नव्हतंच. त्या दिवाळीत आमच्या घरातून बाहेर जाणारा पैसा एकच होता, माझ्या कॉम्प्युटरचा. तिने दाजींना बाजूला घेऊन सांगितलं की आतला महागाचा भाग हलका घाला आणि उरेल त्यात टाका घालून आणा. दाजी आधी तयार नव्हते. आई त्यांना म्हणाली होती की यंत्र लेकीसाठीच हाय, दुसऱ्या लेकीला उपयोगी पडलं तर काय बिघडतंय. फक्त आबांनी विचारलेला आकडा तेवढा दिसला पाहिजे. टाका घातला तो आठवडा ताई एका मैत्रिणीकडे आरामाला गेलीय, असं पेठेत सांगितलं गेलं होतं. पैसे कुठून आले हे ताईलाही ठाऊक नव्हतं.

विहीणबाई उभ्याच होत्या, त्या हळूहळू खाली बसल्या. त्यांनी ताईला विचारलं, टाका घातलाय का. ताईने मान हलवली. "आणि आल्या आल्या मी तुला चादरी धुवायला बसवलं," विहीणबाई म्हणाल्या, स्वतःशीच बोलल्यासारख्या. त्यांचा खरकटा हात तसाच हवेत राहिला होता.

आबा आईकडे बघत होते. "मला का न्हाई सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं व्हतं," आई म्हणाली. "गोठ्यात. तुम्ही धार काढत व्हता. म्हणालात, दिलेली लेक हाय, त्यांचं ते बघत्याल."

आबांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांना ते आठवत नव्हतं. ते आठवायचा प्रयत्न करत होते, मनापासून, कपाळाला आठ्या घालून, आणि सापडत नव्हतं. आईने पाच महिने उरावर बाळगलेलं वाक्य त्यांनी म्हशीच्या आचळाखाली बसून, चरवीत धार मारता मारता सहज टाकलं होतं. माझ्या उभ्या आयुष्यात मी अनेकांना थक्क झालेलं बघितलं, पण स्वतःच्याच बोलण्याने असा हादरलेला माणूस मी तो एकच बघितला. मग त्यांनी माझ्याकडे मान वळवली आणि विचारलं की ते यंत्र त्याच्या खऱ्या आकड्यावर चालेल का. मी म्हणाले, चालेल, थोडं हळू.

"मग तसंच चालव," आबा म्हणाले. मग दाजींपुढचा तो काळा बोळा त्यांनी स्वतःच्या हाताने उचलला, दाजींना जेवायची खूण केली आणि उठून गोठ्याकडे गेले. त्यांच्या ताटात सगळं तसंच होतं. आईने त्यांना हाक मारली नाही. तिने विहीणबाईंच्या पानात तूप वाढलं.

दुपारी दाजींनी आणि मी यंत्र पुन्हा उघडलं. त्यांनी चिमट्याने ती मुगाएवढी टोपी एक घर मागे सरकवली, मी नवा मलम लावला. मला माफी मागायची होती. मी म्हणाले की तुम्ही मला तरी सांगायचं होतं. दाजींनी जाळी दाबून बसवली. "चूक माझीच आहे," ते म्हणाले. "थंडीत बसवलं. चैत्र येतो हे लक्षातच घेतलं नाही." ते हसले तेव्हा मला रडू आलं, आणि आपण ते बघितलंच नाही असं दाखवत ते वायरी बांधत राहिले. यंत्र सुरू झालं. पडद्यावर सगळं किंचित सावकाश उमटत होतं. पत्रा तापला, तीन वाजले, चार वाजले, बाण थिजला नाही. मी टेबलफॅन उचलून ताईच्या खाटेपाशी नेऊन ठेवला. ती जागीच होती. तिने मला बसायला जागा करून दिली आणि मी तिच्याजवळ बसले.

प्रोजेक्ट वेळेवर गेला. आषाढात ताईला मुलगी झाली, पूर्ण दिवसांची. आबा पेठेत जाऊन तिला बघून आले, आणि त्यानंतर दर पंधरवड्याला, पिशवीत काही ना काही भाजी घालून, बसने जात राहिले. जाऊन ते बोलत काय होते मला ठाऊक नाही. ताई म्हणायची, नुसते बसून असतात. आई आणि आबांमध्ये त्या दुपारबद्दल पुन्हा बोलणं झालं का, हेही मला कधी कळलं नाही. मला मात्र त्या दुपारने वेगळंच काही कळवलं. त्या डब्यातला प्रत्येक भाग मला नावानिशी ठाऊक होता, आणि माझ्या सख्ख्या बहिणीला चार वर्षं काय होत होतं ते ठाऊक नव्हतं. मला कुणी सांगितलं नाही हे खरं. मी विचारलं नाही हेही तितकंच खरं.

आबा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. एकदा मी तिला विचारलं की एवढं मोठं धाडस केलंस, आबांना कळलं तर काय होईल ह्याची भीती नाही वाटली? ती मेथी निवडत होती. म्हणाली, "भीती वाटत व्हती ना. पण तुझं यंत्र बंद पडलं असतं तर तू चार दिवस रडली असतीस. ती तर रडायची पण थांबली व्हती."

तिने पुढची जुडी ओढली, आणि मला विचारलं की ह्यात देठं ठेवू का काढू.